त्या शोभेसाठी उभ्या नव्हत्या

फ्रिजची एखादी जाहिरात डोळ्यांपुढे आणा बरं. दार उघडं, आत फळं आणि दुधाच्या बाटल्या, शेजारी छानशी साडी नेसून हसणारी बाई. तिचा नि त्या फ्रिजचा संबंध फोटोपुरता.

आता दुसरा फोटो बघा. साल १९४६, गाव अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. भिंतीएवढी काळी कपाटं, त्यांवर बटणं नि वायरींचं जंजाळ, आणि पुढे तरुण मुली. १९८० च्या दशकात कॅथी क्लायमन नावाच्या विद्यार्थिनीने ‘या कोण?’ अशी चौकशी केली. उत्तर मिळालं, की या त्या फ्रिजवाल्या बायकांसारख्याच, यंत्र उठून दिसावं म्हणून उभ्या केलेल्या! कॅथीला काही ते पटेना. तिने त्यांचा शोध घेतला, तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या.

ते यंत्र म्हणजे ‘एनियाक’, अगदी सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक. वजन सुमारे ३० टन. जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या व्हॉल्व्हची संख्या जवळजवळ १८,०००. आणि त्याच्यावर गणित चढवण्याचं काम सहाजणींकडे होतं: कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस आणि रूथ लिक्टरमन.

गंमत अशी, की तेव्हा ‘कॉम्प्युटर’ हा माणसाचा हुद्दा होता. दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले, म्हणून तोफगोळा कुठे पडेल याची कोष्टकं करायला गणित शिकलेल्या मुली नेमल्या गेल्या. टेबलावरचं हिशेबयंत्र घेऊन एका गोळ्याचा मार्ग काढायला ३० ते ४० तास लागत. सरकारदरबारी मात्र या कामाची श्रेणी दुय्यम! यातली बेटी कॉलेजात गेली, तेव्हा पहिल्याच दिवशी गणिताच्या प्राध्यापकांनी तिला विचारलं होतं, की घरी बसून मुलं सांभाळलेली बरी नाहीत का? बिचारीने गणित सोडून पत्रकारिता घेतली. पुढे युद्धाने तिला पुन्हा आकड्यांकडे आणलं.

१९४५ च्या उन्हाळ्यात या मुलींना आधी ॲबर्डीनला पाठवलं, आयबीएमची कार्डांची यंत्रं शिकायला. जाड कागदाचं कार्ड, त्यावर ठरावीक जागी भोक पाडलं की तो झाला आकडा. एक यंत्र भोकं पाडी, दुसरं कार्डांची वर्गवारी लावी, तिसरं बेरजा करी. फळीवरच्या वायरी बदलल्या की यंत्राचं काम बदले. एनियाकलाही आकडे अशाच कार्डांवरून भरवायचे होते आणि उत्तरं कार्डांवरच यायची होती.

शिकून परत आल्या, तर एनियाकच्या खोलीत पाऊल टाकायची परवानगी नाही. लष्करी गुपित ना! हातात फक्त वायरिंगचे नकाशे. शिवणयंत्र नजरेस न पडता नुसत्या चित्रावरून शिवण शिकायला सांगावं, त्यातली गत. माहितीपुस्तिकासुद्धा नव्हती. ज्या इंजिनियरने जो भाग बनवला त्याला गाठून त्या शंका विचारत. अशा रीतीने सगळं यंत्र त्यांनी समजून घेतलं.

१५ फेब्रुवारी १९४६ ला मोठमोठ्या पाहुण्यांपुढे प्रात्यक्षिक होतं. तोफगोळ्याचं गणित जीन आणि बेटीने बसवलं. पण आदल्या रात्रीपर्यंत एक चूक हटेना. गोळा जमिनीवर पडला तरी यंत्र थांबेचना, आपलं जमिनीखालचाही हिशेब करतंय! बेटी घरी जाऊन झोपली आणि सकाळी उत्तर घेऊनच उठली. आली, एक बटण फिरवलं, झालं. (हरवलेली किल्ली सकाळी चहा उकळताना आठवते, तसंच असणार हे.)

प्रात्यक्षिक सुरेख झालं. गोळ्याला प्रत्यक्ष पडायला जेवढा वेळ लागला असता, त्याच्या आत यंत्राने मार्ग मांडून दाखवला. वाहवा झाली, रात्री मेजवानी झाली. त्या मेजवानीचं आमंत्रण या मुलींना नव्हतं. जीन आणि बेटी कडाक्याच्या थंडीत मुकाट्याने घरी गेल्या. पंगत रंगली की स्वयंपाकघरात कोण डोकावतं, हे आपल्याला काय ठाऊक नाही? तरी वाचताना माझा घास अडकला.

त्यांचा पहिला मोठा सन्मान झाला १९९७ साली, तब्बल ५१ वर्षांनी.

बेटीने मात्र संगणक सोडला नाही. पुढे युनिव्हॅक या संगणकावर काम करताना तिने आकड्यांची बटणं कीबोर्डच्या शेजारी वेगळी मांडून घेतली. बँकेत गेलात तर काउंटरमागच्या मुलीचा उजवा हात बघा, त्याच बटणांवर भराभर चाललेला असतो.