कपडे बोले तो कामाचे!

पूर्वी कपडे घेताना दोनच प्रश्न असायचे. ‘रंग जाईल का?’ आणि ‘आटेल का?’ आता नुसता टॅग वाचायला पाच मिनिटं लागतात. वॉटरप्रूफ, ब्रीदेबल, क्विक ड्राय, मॉइश्चर विकिंग, यूपीएफ ५०... अरे, हे जॅकेट आहे की मोबाइल? किंमत पाहिली तर तीही मोबाइलचीच!

पण बॉस, यातलं आपल्या कामाचं नेमकं काय? म्हणजे पावसात बाइक हाणणाऱ्या, लोकलमध्ये घामाघूम होणाऱ्या, दिवसभर एसीत कुडकुडणाऱ्या आणि वीकएंडला सह्याद्रीत पळणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कामाचं? गेला महिनाभर मी दुकानं पालथी घातली, टॅग वाचले, ट्रेकवाल्या मित्रांची डोकी खाल्ली. हाती लागलेला फंडा एकच : कपडा पोस्टर बघून नाही, हवा बघून घ्यायचा.

कॉटन : हिरो की व्हिलन?

दोन्ही! सगळं शहरावर अवलंबून. कॉटन पाणी धरून ठेवतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हाच त्याचा गुण. कोरड्या हवेत सैल, पातळ सुती शर्टातला घाम सावकाश वाळत राहतो आणि अंग गार ठेवतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे चालताबोलता कूलरच!

मुंबईत मात्र हवाच आधी ओलीचिंब. घाम वाळत नाही, कॉटन पाठीला चिकटून बसतं आणि अंधेरीला उतरेपर्यंत शर्टाचा नकाशा होतो. इथे पातळ, जाळीदार विणीचं पॉलिएस्टर कामाला येतं. त्याचा धागा जवळपास पाणी पीतच नाही. घाम कापडावर पसरतो आणि पटकन वाळतो. पण एक प्रॉब्लेम आहे. पॉलिएस्टरला घामाचा वास जास्त चिकटतो. अकराच्या मीटिंगला शेजारच्याने खुर्ची सरकवायला नको असेल, तर ते जिमला आणि धावायला ठेवा. ऑफिससाठी लिनन किंवा कॉटन-पॉलिएस्टर मिक्स बरं. आणि कापड कोणतंही असो, फिटिंग थोडं सैल हवं. आत हवा खेळली नाही तर सगळी टेक्नॉलॉजी फुकट.

रेनकोटचं गणित

१८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबर घालून पेटंट घेतलं. पाणी बाहेर राहिलं, घाम आत राहिला. फुटपाथवरच्या रेनकोटची आजही तीच गोष्ट. पुढे १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणलं आणि त्यातून गोअर-टेक्स आलं. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाहून कितीतरी लहान, पण वाफेच्या कणाहून मोठी. म्हणून पाऊस बाहेर थांबतो आणि घामाची वाफ निघून जाते.

मग घ्यायचं का वीस हजारांचं जॅकेट? थांबा! वाफ बाहेर पडते ती आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त गरम आणि दमट असेल तेव्हा. मनालीच्या थंडीत हे झकास चालतं. जुलैतल्या मुंबईत बाहेरची हवाच आतल्याइतकी दमट, मग वाफ जाणार कुठे? अशा हवेत महागड्या मेंब्रेनपेक्षा काखेतली चेन आणि पाठीवरची झडप जास्त कामाची. स्वस्तातल्या जॅकेटलाही या दोन गोष्टी मिळतात.

टॅगवरचा मिलिमीटरचा आकडा मात्र जरूर बघा. कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब झेलतं, ते तो सांगतो. रिमझिमीला ५,००० पुरतो. बाइकवर वाऱ्याचा मारा असतो, सॅकचे पट्टे खांद्यावर दाबतात, सीटवर पाणी साचतं. तिथे १०,००० च्या आसपास बघा. आणि जॅकेट उलटं करून शिवणींवर आतून टेप आहे का, ते तपासा. टेप नसेल तर पाणी सुईच्या भोकांतून येणारच, आकडा कितीही असो. बाइकवाल्यांना आणखी एक टिप : पॅन्टचा पाय सायलेन्सरला लागू देऊ नका. वितळतो!

ट्रेकला स्टाइल नको

इथे मात्र मस्करी बाजूला. जुलैत राजमाचीला आमच्या ग्रुपमधला एक जण जीन्स आणि जाड कॉटनच्या टी-शर्टमध्ये आला होता. दोन तास पावसात चालल्यावर माथ्यावर वारं लागलं. तो आधी थडथडत होता, मग एकदम गप्प झाला. सॅकची चेन त्याला लावता येईना. बोलायला लागला तर जीभ जड. उधेवाडीतल्या एका घरात नेऊन आम्ही ओले कपडे काढले, कोरडे घातले, वर फ्लीस आणि दोन चादरी, मग गोड गरम चहा. माणसात यायला त्याला तासभर लागला. तेव्हा हवेत वीस अंशांच्या आसपास तापमान होतं, बर्फ नव्हे!

हायपोथर्मिया म्हटलं की आपल्याला हिमालय आठवतो. पण पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेतं. ओली जीन्स आणि वर वारा, एवढं पुरे. उपाय अगदी स्वस्त : क्विक ड्राय पॅन्ट, सिंथेटिक टी-शर्ट आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कोरडा जोड. हा जोड मुक्कामाशिवाय उघडायचा नाही. ग्रुपमध्ये एक तरी फ्लीस हवंच.

आपल्याकडे हे ज्ञान नवं नाही बरं का. धनगरांची घोंगडी लोकरीची. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा पिऊनही ऊब देते. लावणीच्या वेळचं बांबू-पानांचं इरलं पाठीपासून सुटं राहतं, खालून हवा खेळते. काखेत चेन लावायची गरजच नाही!

लेह, शिकागो आणि ऑफिसचा एसी

तिन्हीकडे फॉर्म्युला एकच : लेअरिंग. अंगालगत घाम ओढणारा पातळ थर, मध्ये ऊब धरणारा थर, वर वारा-पाऊस अडवणारा थर. लेहची थंडी कोरडी, म्हणून तिथे पिसांचं डाउन जॅकेट मस्त. सह्याद्रीच्या पावसात तेच डाउन भिजून गोळा होतं आणि ऊब संपते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे थंडीतही पूर्ण बाह्या हव्यात. यूपीएफ ५० म्हणजे त्या किरणांचा फक्त पन्नासावा भाग आत येतो.

शिकागोला ऑनसाइट निघालात? बाहेर उणे, आत हीटरचे बावीस अंश. एकच जाड स्वेटर घालाल तर मीटिंगमध्ये उकडून निघाल. समोरून उघडणारे दोन पातळ थर आणि वर एक चांगला कोट. तो कोट शक्यतो तिथेच घ्या, तिथल्या थंडीच्या हिशेबाने बनलेला मिळतो. आणि ऑफिसच्या एसीसाठी? खुर्चीला टांगलेलं एक पातळ फ्लीस. बस्स.

धुताना जरा जपून

क्विक ड्रायला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, धाग्यावर थर बसून घाम ओढणं मंदावतं. रेन जॅकेटवर थेंब गोल राहत नसतील तर फेकू नका. बहुतेकदा वरचा लेप दमलेला असतो. लेबलवर परवानगी असेल तर धुऊन हलकी उष्णता द्या, तो पुन्हा जागा होतो. नवं घेताना पीएफएएस नसलेला लेप मागा. ही रसायनं निसर्गात नष्ट होता होत नाहीत. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक नव्या कपड्यांत त्यांच्यावर बंदी आणली आहे.

आणि पगार मर्यादित असेल तर? (कोणाचा नसतो!) आधी क्विक ड्राय पॅन्ट, मग टेपवाला रेनसूट, मग फ्लीस. डाउन जॅकेटचा विचार लेहचं तिकीट काढल्यावर. दुकानात शिरण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा : जाणार कुठे, घाम किती येणार, वाळायला वेळ किती मिळणार? उत्तरं तयार असतील तर सेल्समन काहीही म्हणो, तुमचं पाकीट सेफ!