टाळ्यांआधीचं काम : स्वतंत्र बॅले कलाकारांविषयीचे गैरसमज

सूनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’ हा चित्रपट २०२० साली आला आणि मुंबईतल्या साध्या घरांतली मुलंही बॅलेत पुढे जाऊ शकतात, हे अनेकांना पहिल्यांदा कळलं. शिक्षण संपल्यावर पोटापाण्याचं काय, याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. कायम पगार देणाऱ्या बॅले कंपन्या मोजक्याच असतात. लंडनसारख्या बॅलेच्या माहेरघरातही कितीतरी नर्तक-नर्तकी एकेका निर्मितीच्या किंवा एकेका हंगामाच्या करारावर काम करतात. त्यांच्याविषयीचे काही गैरसमज ब्रिटनमधल्या परिस्थितीच्या आधारे दूर करू.

गैरसमज १ : प्रयोग नसेल त्या दिवशी सुट्टी.

वस्तुस्थिती : प्रयोग असो वा नसो, क्लास चुकवून चालत नाही. कंपनीत सकाळचा क्लास हा नोकरीचाच भाग. जागा, शिक्षक, पियानोवादक सगळं कंपनी पुरवते. फ्रीलान्स कलाकार तोच सराव पदरचे पैसे मोजून करतात. लंडनमध्ये १९७९ पासून चालणाऱ्या पाइनॅपल डान्स स्टुडिओजसारख्या ठिकाणी एकेका क्लासची फी भरून कुणालाही बारपाशी, म्हणजे सरावासाठी धरायच्या आडव्या दांडीपाशी, उभं राहता येतं. क्लासनंतर ऑडिशनचे व्हिडिओ, ईमेलना उत्तरं, तारखांची जुळवाजुळव आणि बहुतेकांच्या बाबतीत मुलांच्या शिकवण्या. शिकवण्यांचं उत्पन्न बरेचदा घरभाडं भागवतं.

गैरसमज २ : पायाच्या बोटांवर उभं राहून नाचण्यासाठीच्या पॉइंट शूजच्या टोकात लाकूड असतं आणि एक जोडी वर्षानुवर्षं टिकते.

वस्तुस्थिती : त्यात लाकूड नसतं. तरटासारख्या कापडाचे आणि कागदाचे थर खळीने एकमेकांवर चिकटवून, भट्टीत वाळवून तो कडक भाग तयार होतो. १९२९ पासून हे शूज बनवणाऱ्या ‘फ्रीड ऑफ लंडन’चे कारागीर आजही ते हाताने घडवतात. प्रत्येकाची खूण तळव्यावर उमटवलेली असते आणि नर्तकी आपल्या पायाला मानवणारा कारागीर सहसा बदलत नाही. घामाने आणि वजनाने खळ नरम पडते, त्यामुळे मोठ्या भूमिकेत एक जोडी एका प्रयोगातच निकामी होऊ शकते.

नवी जोडी तशीच पायात घालताही येत नाही. रिबिनी आणि इलॅस्टिक स्वतः शिवायचं, घसरू नये म्हणून तळवा सुरीने खरवडायचा, रंगमंचावर खटखट वाजू नये म्हणून टोक जमिनीवर आपटून घ्यायचं, आतली पट्टी हाताने वाकवून पायाच्या कमानीशी जुळवायची. मोठ्या कंपनीत शूजचा खर्च कंपनी करते. फ्रीलान्स नर्तकीला बहुधा तोही आपल्या हिशोबात धरावा लागतो.

गैरसमज ३ : मानधन खात्यात जमा झालं की ते सगळं आपलंच.

वस्तुस्थिती : त्यातून कर कापलेला नसतो. स्वयंरोजगारातून करवर्षात १,००० पौंडांपेक्षा जास्त उलाढाल झाली, तर सध्याच्या नियमाप्रमाणे कर खात्याकडे नोंदणी करावी लागते. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन ५ एप्रिलला संपतं. नोंदणीची मुदत त्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत आणि ऑनलाइन विवरणपत्राची ३१ जानेवारीपर्यंत. मुदत चुकली की कर शून्य असला तरी १०० पौंड दंड होतो. शूज, सरावाच्या क्लासची फी, संघटनेची वर्गणी असे निव्वळ व्यवसायासाठी झालेले खर्च उत्पन्नातून वजा करता येतात. पण पावती हवी, आणि कागदपत्रं त्या ३१ जानेवारीनंतर किमान पाच वर्षं जपून ठेवावी लागतात. म्हणून जाणते कलाकार प्रत्येक मानधनातला ठरावीक वाटा आल्याआल्या वेगळ्या खात्यात टाकतात.

गैरसमज ४ : फ्रीलान्स म्हटलं की हक्क नाहीत, मिळेल ते निमूट घ्यायचं.

वस्तुस्थिती : कराच्या हिशोबात स्वयंरोजगारी असलेला कलाकार कामगार कायद्याच्या दृष्टीने ‘वर्कर’ ठरू शकतो, आणि मग सुट्टीचं वेतन त्याच्या हक्काचं असतं. १९३० साली स्थापन झालेल्या ‘इक्विटी’ या कलाकारांच्या संघटनेच्या करारांत किमान मानधन आणि कामाचे तास ठरलेले असतात. बिल थकलं तर १९९८ च्या कायद्याने व्यावसायिक येण्यावर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा ८ टक्के जास्त व्याज मागता येतं. त्यासाठी करार लेखी असलेला बरा आणि बिलावर तारीख असलेली बरी. तेवढी शिस्त ज्याची त्यानेच पाळायची असते.

गैरसमज ५ : दुखापत झाली तर आयोजक बघून घेतील.

वस्तुस्थिती : नोकरदाराला मिळणारं आजारपणाचं वैधानिक वेतन स्वयंरोजगारी व्यक्तीला मिळत नाही. घोटा मुरगळला की उत्पन्न त्याच दिवशी थांबतं. त्यामुळे वॉर्मअप, ताकदीचे व्यायाम, पुरेसं खाणं आणि झोप हीसुद्धा कामाचीच कर्तव्यं आहेत. एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत नर्तकांच्या दुखापतींसाठी खास क्लिनिक आहेत. तिथे जायला फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते. इक्विटीच्या सदस्यांना एक कोटी पौंडांपर्यंतचा सार्वजनिक दायित्व विमा मिळतो. पण आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर तो कामी येतो. स्वतःच्या बुडालेल्या उत्पन्नासाठी वेगळी तजवीज हवी.

गैरसमज ६ : पुढचं पुढे बघू.

वस्तुस्थिती : बॅलेची कारकीर्द बहुधा चाळिशीच्या आतच आवरते. ब्रिटनचं पूर्ण सरकारी पेन्शन मिळायला साधारणपणे नॅशनल इन्शुरन्स या सामाजिक विमा योजनेची ३५ वर्षं भरावी लागतात. नफा फार कमी असलेल्या वर्षी स्वेच्छेने हप्ता भरला नाही, तर ते वर्ष हातचं जातं. १९७३ साली सुरू झालेली ‘डान्सर्स करिअर डेव्हलपमेंट’ ही संस्था नर्तकांना दुसऱ्या व्यवसायाकडे वळायला मदत करते, आणि फ्रीलान्स कलाकारांनाही ती मदत खुली आहे.

ज्यांची मुलं या वाटेवर आहेत, त्यांनी मुलांना बारवरच्या सरावाइतकीच जमाखर्चाच्या वहीचीही सवय लावावी. आणि आपल्याकडे कार्यक्रमासाठी नर्तकांना बोलावणाऱ्या आयोजकांना कळकळीची विनंती : मानधनाचा आकडा आणि ते देण्याची तारीख आधी लेखी कळवा, आणि काँक्रीट किंवा फरशीवर त्यांना उड्या मारायला लावू नका. त्यांच्या श्रमाचा मान राखण्याची सुरुवात तिथूनच होते.