पेपरच्या दिवशीच पोट का दुखतं?

फेब्रुवारी उजाडला की उमरेडमध्ये दहावी-बारावीच्या घरांतला टीव्ही बंद होतो आणि आयांची झोप उडते. "पोरगी दिवसभर वाचते हो ताई, पण पेपर म्हटला की तिचं पोट दुखते," असं सांगणारी आई गल्लीगल्लीत भेटेल. घरातले म्हणतात, "नाटकं करते." आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून मोकळी होते.

मैत्रिणींनो, ही नाटकं नाहीत. परीक्षेची भीती चक्क मोजता येते. फक्त थर्मामीटरऐवजी प्रश्नावली असते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मँडलर आणि सॅरासन यांनी १९५२ मध्ये अशी प्रश्नावली वापरली. पुढे १९८० मध्ये स्पीलबर्गर यांची २० विधानांची प्रश्नावली आली. प्रत्येक विधानापुढे 'जवळजवळ कधीच नाही'पासून 'जवळजवळ नेहमीच'पर्यंत एक उत्तर निवडायचं. गुण १ ते ४, म्हणजे एकूण २० ते ८०. इथं जास्त गुण मिळाले तर पेढे वाटायचे नाहीत, बरं का!

या भीतीचे दोन भाग आहेत, हे लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ मध्ये दाखवलं. एक म्हणजे घाबरणं: छातीत धडधड, हाताला घाम, पोटात गोळा. दुसरी काळजी: "नापास झाले तर बाबा काय म्हणतील?" आपलं लक्ष पहिल्याकडेच जातं, कारण ते दिसतं. पण मार्क जास्त खाते ती काळजी. डोकं तिच्यातच गुंतलं, तर गणिताला जागा उरते कुठे? म्हणून गपगप बसणाऱ्या पोरीकडेही बघा.

आपल्याकडे धडधडीलाही 'टेन्शन' आणि काळजीलाही 'टेन्शनच'. त्यामुळे अशी प्रश्नावली फ्रेंचमध्ये न्या की मराठीत, नुसतं भाषांतर पुरत नाही. त्या भाषेतल्या मुलांवर ती पुन्हा तपासून घ्यावी लागते.

शिकागोच्या रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये एक सोपा प्रयोग मांडला. पेपरच्या आधी १० मिनिटं मनातली भीती कागदावर लिहायची. जास्त घाबरणाऱ्या मुलांचे गुण त्यात सुधारले. सगळ्यांनाच गुण येईल असं नाही, पण खर्च एका कागदाचा. तो कागद आपण वाचायचा मात्र नाही हं!

त्रास फारच वाढला, तर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची टेलिमानस सेवा आहे. नंबर १४४१६, फोन मोफत, मराठीतही बोलता येतं. पोरीनं लावावा, आणि रात्रभर जागणाऱ्या आईनंही.