गेलेली ‘चक्र’ आणि राहिलेली विद्या

घाटकोपर-चेंबूरकडून मानखुर्दला येताना ट्रॉम्बेची टेकडी नजरेस पडते. तिच्या पायथ्याशी ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली, हे उपनगरातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु समुद्राच्या पोटात चालणाऱ्या अणुभट्टीची विद्याही याच टेकडीच्या आश्रयाने वाढली आणि तिची कसोटी दूर पूर्व किनाऱ्यावर, विशाखापट्टणमच्या बंदरात लागली, याची जाणीव थोड्यांनाच असेल. त्या कसोटीचे साधन म्हणजे ‘चक्र’ ही पाणबुडी होय. या नावाच्या दोन पाणबुड्या आपल्याकडे आल्या, आणि दोन्ही परत गेल्या. त्या जाताना काय मागे ठेवून गेल्या, आणि मागे राहिले ते आपण कसे सांभाळले, हा खरा प्रश्न आहे.

डिझेलवर चालणारी पाणबुडी ही वस्तुतः अधूनमधून बुडी मारणारी नौकाच असते. विजेरी संपत आली की श्वसननळी पाण्यावर काढून तिला इंजिने चालवावी लागतात, आणि नेमकी तेव्हाच ती शत्रूच्या दृष्टीस पडते. अणुभट्टीला हवा लागत नाही. त्यामुळे अणुपाणबुडीला मर्यादा पडते ती शिधासामग्रीची आणि माणसांच्या सहनशक्तीची. अमेरिकेची ‘नॉटिलस’ ऑगस्ट १९५८ मध्ये उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून पार झाली. २ मे १९८२ रोजी ‘कॉन्करर’ या ब्रिटिश अणुपाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ बुडविली, तीत ३२३ जण प्राणास मुकले. त्यानंतर अर्जेंटिनाच्या मोठ्या युद्धनौका बंदराबाहेर फिरकल्या नाहीत. एका न दिसणाऱ्या नौकेने सबंध आरमार जखडून टाकले. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागरात शिरलेले पाहिलेल्या भारताला हा धडा परका नव्हता.

पहिली ‘चक्र’ ही १९६७ साली सोव्हिएत नौदलात दाखल झालेली ‘के-४३’. तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने ती जानेवारी १९८८ मध्ये भारताच्या स्वाधीन झाली, आणि कॅप्टन आर. एन. गणेश यांच्या आधिपत्याखाली फेब्रुवारीच्या आरंभी विशाखापट्टणमला आली. तिच्या स्वागतास पंतप्रधान राजीव गांधी जातीने हजर होते. वीस वर्षे वापरलेल्या या नौकेवर भारतीय खलाशांनी समुद्राखाली अणुभट्टी चालविण्याचा, किरणोत्सर्गापासून स्वतःस जपण्याचा आणि आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शनावाचून राहण्याचा धडा गिरविला. जानेवारी १९९१ मध्ये मुदत संपताच ती परत गेली. सोव्हिएत संघराज्यही त्या वर्षअखेर उरले नाही.

नौका गेली, तरी विद्या राहिली, असे म्हणता आले असते. कारण कॅप्टन गणेश यांनी पुढे स्वदेशी अणुपाणबुडीच्या प्रकल्पाची धुरा वाहिली. परंतु दुसरी ‘चक्र’ विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली ती ४ एप्रिल २०१२ रोजी. म्हणजे मध्ये एकवीस वर्षे गेली. पंचविशीत पहिल्या ‘चक्र’वर शिकलेला अधिकारी तोवर पन्नाशीच्या घरात पोचला होता. पोहणे पुस्तकातून येत नाही, तसेच हे कसबही येत नाही. ज्याला येते त्याच्या शेजारी उभे राहूनच ते उचलावे लागते. शेजारी उभे राहण्यास नौकाच नसेल, तर गुरूही निरुपयोगी आणि शिष्यही.

हे कसब कच्चे राहिले तर काय होते, याचे उदाहरण या दुसऱ्या पाणबुडीच्याच पूर्वायुष्यात आहे. ‘नेरपा’ या नावाने तिच्या चाचण्या चालू असताना ८ नोव्हेंबर २००८ रोजी आग विझविण्याची वायुयंत्रणा अवेळी सुरू झाली आणि वीस जण गुदमरून मरण पावले. त्यांत बहुसंख्य गोदीतील कामगार व तंत्रज्ञ होते. १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे ‘सिंधुरक्षक’ या डिझेल पाणबुडीवर स्फोट होऊन अठरा नौसैनिक गेले, ते तर मुंबईच्याच गोदीत. पाणबुडीत लहानशा चुकीलाही क्षमा नसते.

विद्या माणसांत असते हे एकदा मान्य केले, की त्या माणसांना वागविण्याचा प्रश्नही ओघाने येतो. या बाबतीत उपनगरांच्या स्मरणात एक कटू प्रकरण असावयास हवे. पहिली ‘चक्र’ ज्या वर्षी आली, त्याच वर्षीच्या मे महिन्यात नौदलाचे निवृत्त अधिकारी कॅप्टन बी. के. सुब्बाराव यांना परदेशी जात असताना मुंबईच्या विमानतळावर अटक झाली. पवईच्या आयआयटीतून डॉक्टरेट मिळविलेल्या या अभियंत्यापाशी स्वतःचा प्रबंध होता. आरोप गुपिते फोडल्याचा झाला. सुमारे वीस महिने ते तुरुंगात होते. पुढे न्यायालयांनी त्यांना आरोपमुक्त केले. गुप्तता हवीच, परंतु जाणकारालाच संशयित ठरविणारी गुप्तता शत्रूपेक्षा आपलेच अधिक नुकसान करते.

येथे ट्रॉम्बेच्या चिकाटीचे श्रेय नाकारून चालणार नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने पाणबुडीसाठी रचलेल्या भट्टीचा जमिनीवरील नमुना कल्पक्कमला उभा राहिला. डॉ. अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असतानाच, २६ जुलै २००९ रोजी, ‘अरिहंत’चे जलावतरण झाले. २०१६ मध्ये ती नौदलात आली, आणि २९ ऑगस्ट २०२४ रोजी ‘अरिघात’ तिच्या जोडीस आली. परंतु या क्षेपणास्त्रवाहू नौकांचे काम लपून राहण्याचे. शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढण्याचे, आरमाराच्या पुढे धावण्याचे काम ‘चक्र’च्या जातीच्या नौकांचे, आणि तेथेच खंड पडला आहे. दुसरी ‘चक्र’ जून २०२१ मध्ये परत गेली. तिसरीसाठी मार्च २०१९ मध्ये ३ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा करार झाला. ती २०२५ पर्यंत मिळावयाची होती, पण ती मुदत पाळली गेली नाही. दोन स्वदेशी हल्लेखोर अणुपाणबुड्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्यांतील पहिली २०३६-३७ च्या सुमारास येईल, असे नौदलप्रमुखांनी त्याच डिसेंबरात सांगितले.

एवढा पैसा साध्या पाणबुड्यांवर का खर्चू नये, असा आक्षेप घेतला जातो. तो गैरवाजवी नाही. एका अणुपाणबुडीच्या खर्चात डिझेलच्या कितीतरी पाणबुड्या होतील. परंतु खंडाचा शाप त्यांनाही चुकलेला नाही. माझगाव गोदीने ‘शाल्की’ आणि ‘शंकुल’ या पाणबुड्या १९९२ व १९९४ साली नौदलास दिल्या. त्यानंतर तेथे बांधलेली ‘कलवरी’ दाखल व्हावयास १४ डिसेंबर २०१७ हा दिवस उजाडला. मधल्या काळात मुलुंड-भांडुपहून रोज लोकलने गोदीत जाणारा कुशल जोडारी निवृत्त झाला. त्याच्या हातातील सफाई कोणत्याही फायलीत नोंदलेली नव्हती.

तेव्हा प्रश्न केवळ डिझेल की अणू असा नाही. एक नौका उतरविण्याआधी दुसरीची पायाभरणी झालेली असावी, परतलेल्या ‘चक्र’वरील माणसे नव्या बांधणीच्या कामी लावावीत, आणि जे गुप्त नाही त्याचा, म्हणजे पैशाचा आणि विलंबाचा, हिशेब संसदेपुढे यावा, एवढी अपेक्षा वाजवी आहे. भाड्याची नौका मुदत संपताच परत करावीच लागते. तिच्यावर मिळविलेली विद्याही तिच्याबरोबर परत गेली, तर भाडे मात्र दोनदा भरल्यासारखे होईल.