बॅकअप हवा राउटरच्या पलीकडे

जून २०२२. पावसाळा नुकताच सुरू झालेला आणि गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर-देखरेख यंत्रणेच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. राज्यातल्या प्रमुख नद्यांवरच्या १५ केंद्रांची माहिती जिथे साठायची, तिथल्या फायली एका रात्रीत कुलूपबंद झाल्या. किल्लीसाठी क्रिप्टोचलनात खंडणी मागण्यात आली.

अशा वेळी ‘बॅकअप आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. तो कुठे आहे, हेही विचारावं लागतं. लहान कार्यालयांत तो बहुधा त्याच खोलीत, त्याच नेटवर्कवर, त्याच पासवर्डने उघडणारा असतो. रॅन्समवेअर अशी शेअर केलेली फोल्डरंही सोडत नाही.

डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला याचं मर्म ठाऊक आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी दिवाडी बेटावरचं सप्तकोटीश्वराचं देऊळ पाडलं, तेव्हा लिंग नदीपार नार्व्याला आणलं गेलं. अंतर आजच्या फेरीबोटीचं. पण पलीकडे तेव्हा पोर्तुगिजांचा हुकूम चालत नव्हता. १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला तो तिथेच. महत्त्व किती दूर याला नव्हतं, कुणाच्या हद्दीत याला होतं.

नेटवर्कमध्ये ही हद्द राउटरवर आखता येते. समजा, मुख्य कार्यालय डिचोलीत आहे आणि बॅकअप सर्व्हर पेडण्याच्या शाखेत ठेवायचा आहे. दोन्हीकडचे आयपी पत्ते आधी तपासा. पुष्कळ राउटर १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० याच मालिकेवर येतात. दोन्हीकडे एकच मालिका असली, तर डिचोलीचा संगणक पेडण्याच्या सर्व्हरला शेजारीच समजतो, त्याला घरातच शोधत बसतो आणि डेटा राउटरपर्यंत जातच नाही. म्हणून एका टोकाची मालिका बदला. मग इंटरनेटवरून व्हीपीएन, म्हणजे दोन कार्यालयांमधला कूटबद्ध बोगदा, जोडा आणि पलीकडच्या मालिकेकडे जायचा मार्ग दोन्ही राउटरवर नोंदवा. जायची वाट आहे पण उत्तराला परतीची नाही, हा घोळ नेहमीचा. शिवाय संगणक एकमेकांना शोधायला जी हाक मारतात, ती राउटर सहसा पुढे सोडत नाही. त्यामुळे पलीकडचा सर्व्हर यादीत आपोआप दिसेल ही आशा सोडा. त्याला कायमचा आयपी द्या.

आता खरी मेख. डिचोलीने डेटा पाठवायचा नाही. पेडण्याने येऊन न्यायचा. डिचोलीच्या फायरवॉलमध्ये फक्त बॅकअप सर्व्हरच्या पत्त्यासाठी एसएसएचचं, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणीचं, २२ क्रमांकाचं पोर्ट उघडा. उलट दिशेने सगळं बंद. बॅकअपचा पासवर्ड डिचोलीच्या कुठल्याही संगणकावर नको. म्हणजे मुख्य कार्यालय हॅकरच्या ताब्यात गेलं, तरी त्याला पेडण्यात शिरायला वाट सापडत नाही.

५०० जीबी डेटा २० एमबीपीएसच्या लाइनवरून जायला सुमारे साडेपंचावन्न तास लागतात. म्हणून पहिली प्रत हार्ड डिस्कवर घालून गाडीने न्यावी. पुढे आरसिंकसारखं साधन फक्त बदललेला भाग उचलतं. मात्र जुन्या प्रती तारीखवार जपायला हव्यात. नाहीतर कुलूपबंद झालेली फाइल चांगल्या फाइलच्या जागी जाऊन बसेल.

एवढं झालं, तरी महिन्यातून एकदा पेडण्यातून एखादी जुनी फाइल परत आणून उघडून पाहा. ती उघडली, तरच तुमच्याकडे बॅकअप आहे.