शेततळ्यातलं पाणी निवळत का नाही?

पावसाळा संपून दोन महिने झाले, तरी काळ्या मातीतल्या, अस्तर नसलेल्या शेततळ्याचं पाणी चहासारखंच असतं. ठिबकचा फिल्टर सारखा तुंबतो. मग प्रश्न येतो, "तुरटी किती टाकू?" संशोधनाच्या वाटेवर असणाऱ्यांनी त्याआधीचा प्रश्न विचारायचा: हा गाळ मुळात खाली बसत का नाही?

पहिलं कारण कणाचा आकार. स्टोक्सच्या नियमानुसार व्यास दहापट कमी झाला की बसण्याचा वेग शंभरपट घटतो. २ मीटर खोल, स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण काही मिनिटांत तळ गाठतो. १ मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला जवळजवळ महिना लागतो. ०.१ मायक्रॉनच्या कणाला, हिशोबापुरतं बोलायचं तर, सात वर्षं!

दुसरं कारण विद्युतभार. चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो. ते एकमेकांना ढकलतात, त्यामुळे गुठळ्या होत नाहीत. पाण्यात धन आयन घातले की हे ढकलणं कमी होतं. शुल्झ-हार्डी नियम सांगतो की आयनाचा भार वाढला की त्याची ताकद झपाट्याने वाढते. सोडियम, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम यांचं प्रमाण ढोबळमानाने १ : ६४ : ७२९. हंड्यात तुरटी फिरवायची जुनी पद्धत काम करते ती यामुळेच.

पण तुरटी पाण्यात आम्लता वाढवते. पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, कमी असेल तर पीएच घसरतो आणि तळ्यातले मासे मरू शकतात. जिप्सममुळे पीएच असा घसरत नाही, पण ते बरंच जास्त लागतं.

म्हणून आधी बाटल्यांमध्ये प्रयोग करा. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा. तळ्याच्या पाण्याच्या एकेक लिटरच्या पाच बाटल्या घ्या. त्यांत या द्रावणाचे ०, १, २, ३, ४ मिलिलिटर घाला. म्हणजे मात्रा झाली ०, १०, २०, ३०, ४० मिलिग्रॅम प्रति लिटर. ढवळा, तासभर ठेवा, मग प्रत्येक बाटलीचा पीएच मोजा. पाणी निवळलं आणि पीएचही फारसा घसरला नाही, अशी सर्वात कमी मात्रा निवडा. ती २० आली, तर २००० घनमीटर पाण्याला ४० किलो तुरटी लागेल.

शून्याची बाटली वगळू नका. तीही तासाभरात निवळली, तर तुमच्या तळ्यातला गाळ बसणाराच आहे; फक्त कोणीतरी तो सारखा ढवळतंय. मग उघडे बांध बघा, पाणी आत येतं ती वाट बघा, तळ उकरणारा सायप्रिनस मासा सोडलाय का ते विचारा. तिथे तुरटीचे ४० किलो वायाच जातील.