तीन मिनिटांची चाचणी आणि ७२ तासांचे निरीक्षण

मोबाईलवर तीन मिनिटांत उरकणाऱ्या एका चाचणीने एका वाचक भगिनीस नुकताच असा दाखला दिला की, त्या ‘अलिप्त’ प्रकृतीच्या असून जोडीदाराशी त्यांचे सूर जुळण्याची आशा थोडीच आहे. आणि या दोषाचे मूळ, आईने नोकरीपायी त्यांना पहिली दोन वर्षे आजीच्या स्वाधीन केले, या घटनेत आहे. ‘हे शास्त्र खरे मानावे काय, आणि खरे असेल तर आता काय करावे?’ असे त्यांनी पत्रातून विचारले आहे. अशा दाखल्यांनी धास्तावलेली तरुण मंडळी हल्ली जागोजागी भेटतात; म्हणून ज्या संशोधनाच्या नावावर हे दाखले दिले जातात, ते मुळात कसे झाले हे सविस्तर सांगणे अगत्याचे वाटते.

या विषयाचे जनकत्व सामान्यतः जॉन बोल्बी या इंग्रज मनोवैद्याकडे जाते, आणि ते अयोग्य नाही. बालकाला मातेची ओढ असते ती केवळ दुधापायी, अशी समजूत ज्या काळी विद्वानांत रूढ होती, त्या काळी लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये बसून, निकटच्या माणसाचा आधार ही बालकाची भुकेइतकीच मूलभूत गरज आहे, असे त्यांनी आग्रहाने प्रतिपादन केले. आणि जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या त्यांच्या अहवालाने अनाथालये व रुग्णालये यांच्या कारभाराकडे पाहण्याची युरोपची दृष्टी पालटली. परंतु प्रतिपादन निराळे आणि पुरावा निराळा. तो पुरावा, घरोघर जाऊन, जमिनीवर बसकण मारून, तासन् तास डोळ्यांत तेल घालून जिने गोळा केला, त्या मेरी एन्सवर्थ या विदुषीचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, याची खंत वाटते.

दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यातील महिला दलात मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचलेल्या एन्सवर्थबाई १९५० साली पतीच्या शिक्षणानिमित्त लंडनला आल्या आणि वर्तमानपत्रातील एक जाहिरात वाचून बोल्बींच्या हाताखाली रुजू झाल्या. पुढे पतीच्या नोकरीमुळे युगांडात जाणे झाले, तेव्हा बागांडा समाजात मुलाचे दूध तोडताना त्याला काही दिवस आजीकडे धाडण्याची जी रीत होती, तिचा मुलावर काय परिणाम होतो हे तपासावे, असा त्यांचा बेत होता. पण ती रीत बहुतेक मोडीत निघाली आहे असे आढळल्यावर त्यांनी बेत सोडला, मुले सोडली नाहीत. कंपालाच्या आसपासच्या खेड्यांतील २६ कुटुंबे आणि त्यांतील २८ तान्ही बालके त्यांनी दुभाष्याच्या साहाय्याने महिनोन् महिने न्याहाळली. रांगू लागलेले मूल आईपासून थोडे दूर जाते, वळून पाहते, पुन्हा पुढे सरकते, आणि अनोळखी माणूस दिसताच तिच्याकडे धाव घेते, हे प्रत्येक माउलीने पाहिलेले दृश्य. परंतु आई हा जगात शिरण्यासाठी लागणारा पायाच असल्याची खूण एन्सवर्थबाईंना तेथे सापडली.

या २८ पैकी १६ बालके निर्धास्त, ७ अस्वस्थ, तर ५ अद्याप कोणाशीच बंध न जडलेली अशी त्यांनी नोंदविली. हा फरक कशामुळे पडतो याचा शोध घेताना हाती आलेला एक धागा मला फार मोलाचा वाटतो. ज्या माता आपल्या मुलाविषयी बोलताना रंगून जात, ते काय पाहून हसते, कशाला भिते, हे बारीकसारीक तपशिलासह सांगत, त्यांची मुले बहुधा निर्धास्त असत. मुलाकडे ज्याचे बारकाईने लक्ष असते, त्याच्याच जिवावर मूल निश्चिंत होते, हा निष्कर्ष त्या गप्पांतून उमलला. शिवाय बंध एकट्या आईशीच जडतो असेही नव्हे, घरातील इतर जिवलगांशीही तो जडतो, हे त्यांना तेथेच दिसले.

अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्यावर त्यांनी पुन्हा २६ कुटुंबे निवडली आणि मूल तीन आठवड्यांचे झाल्यापासून ५४ आठवड्यांचे होईतो, दर तीन आठवड्यांनी चार-चार तास, म्हणजे प्रत्येक घरी सुमारे ७२ तास निरीक्षण केले. मुलांना लाडाने कवटाळू नये, असा हुकूम तेथील मानसशास्त्राने एके काळी सोडला होता. या निरीक्षणात मात्र असे दिसले की, आरंभीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला तत्परतेने ओ मिळाली, ती मुले वर्षाअखेरीस अधिक नव्हे तर कमी रडत होती.

त्यांची सुप्रसिद्ध कसोटी ही या दीर्घ निरीक्षणाची पुरवणी होती. खेळणी मांडलेल्या अनोळखी खोलीत वर्षाचे मूल आईसह येते. एक परकी बाई आत येते. आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परतते. आई गेल्यावर मूल किती रडले याहून, ती परतल्यावर ते कसे वागले, याला त्यांनी महत्त्व दिले. काही मुले आईला बिलगून शांत होत आणि खेळाकडे वळत. काही बिलगत आणि त्याच क्षणी तिला लाथाडत. आणि काही तिच्याकडे मान वळवूनही न पाहता खेळण्यांत गुंतल्यासारखी दिसत. या तिसऱ्या, वरवर बेफिकीर भासणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके पुढे १९७७ साली मोजले गेले, तेव्हा तेही वाढलेलेच आढळले. अलिप्ततेच्या तळाशी उदासीनता नसून दाबून धरलेली ओढ असते, हे त्यातून सूचित होते.

हाच नमुना प्रौढांच्या प्रेमातही दिसतो काय, हे सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर या अभ्यासकांनी प्रथम विचारले ते डेन्व्हर शहरातील एका दैनिकातून प्रश्नावली छापून! त्यांच्या १९८७ सालच्या निबंधात ६२० उत्तरांचा हिशेब आहे: ५६ टक्के स्वतःस निर्धास्त, २५ टक्के अलिप्त आणि १९ टक्के साशंक म्हणवणारे, म्हणजे बालकांत आढळणाऱ्या प्रमाणाशी मिळतेजुळते. कल्पना तेजस्वी खरी, पण उत्तरे देणारे स्वेच्छेने पुढे आलेले होते, आणि बालपणाविषयी त्यांनी जे सांगितले ते आठवणींवर विसंबून. आजच्या झटपट चाचण्या या प्रश्नावलीच्या वंशातल्या आहेत. ७२ तासांच्या निरीक्षणाशी त्यांचे नाते फार दूरचे आहे.

खरा पुरावा हवा तर तेच मूल मोठे होईपर्यंत थांबावे लागते, आणि तसे थांबलेलेही लोक आहेत. वर्षाच्या वयात कसोटीतून गेलेल्या ६० मुलांपैकी ५० जणांची गाठ २० वर्षांनी पुन्हा घेतली गेली, तेव्हा निर्धास्त की अस्वस्थ या दुहेरी वर्गवारीत ७२ टक्के जण पूर्वीच्याच गटात आढळले. आणि बदल झाला तो आईबापांचा मृत्यू, काडीमोड किंवा गंभीर आजारपण असे आघात झालेल्यांत अधिक. मात्र अशा अनेक अभ्यासांची एकत्र रुजुवात घालणाऱ्या २०१३ सालच्या पाहणीत, १५ वर्षांहून मोठ्या कालखंडात सातत्य म्हणावे असे काही उरलेले दिसले नाही. मिनेसोटातील दीर्घ अभ्यासाने याची एक सुसंगत उकल दिली आहे: तान्हेपणीचा बंध शाळेतील सवंगड्यांशी वागण्याला वळण देतो, ते वागणे सोळाव्या वर्षीच्या मैत्रीला, आणि ती मैत्री तारुण्यातील प्रेमाला, बालपणाचा प्रभाव पोहोचतो तो या पायऱ्यांवरून. पिकाचेही असेच असते: मृगाने वेळेवर दर्शन दिले की पेरणी साधते, रोप जोमाने वर येते, आणि शेतकऱ्याचा निम्मा घोर मिटतो. परंतु मृग बरसला म्हणून पीक पदरात पडले असे कोणी मानत नाही, आणि मृग कोरडा गेला तरी आर्द्रा-पुनर्वसूने हात दिल्यास शेते सावरतात.

तेव्हा पत्रलेखिकेस उत्तर असे. शास्त्र खरे आहे, दाखला खोटा आहे. समूहांविषयी काढलेली टक्केवारी एका व्यक्तीचे भवितव्य सांगू शकत नाही, आणि आजीच्या मायेत वाढलेले मूल आधारावाचून वाढले असे हे संशोधन कोठेही म्हणत नाही. नात्यात खरोखरच कुचंबणा होत असेल, तर जोडीदाराशी मोकळेपणाने बोलावे, गरज वाटल्यास जाणत्या समुपदेशकाकडे जावे. आईवर फिर्याद गुदरून काहीही निष्पन्न होणार नाही. आणि ज्यांच्या घरी आज पाळणा हलतो आहे, त्यांना विनंती एवढीच की, ‘उचलून घेतले तर सवय लागेल’ या धाकाने तान्ह्या मुलाला रडत ठेवू नये. आई, बाप, आजी, आजोबा, जो कोणी जवळ असेल त्याने त्याला निःशंकपणे उचलून घ्यावे.